खोली घेतली

३ नोव्हेंबर

पोहोचले. घर टेकडीच्या उतारावर आहे. रस्ता वर येता येता बारीक होतो आणि फाटकापाशी संपतो. भिंती जाड, खिडक्या उंच, बाग मोठी. बॅग वर ठेवून खाली आले तर ज्यांच्याकडे नोकरीला आले त्या बाईंनी विचारलं, खोली घेतली का? मी म्हटलं, घेतली की, मागची, बागेकडची, उजेड झकास आहे. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग हसल्या. त्यांच्या कामात खोली घेणं म्हणजे वाद्य रेकॉर्ड करण्याआधी रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करणं. मी आजवर रेडिओसाठी लोकांचं बोलणं कापत आले. आमच्या स्टुडिओच्या भिंतींना कापूस होता, शांतता आयती मिळायची. पहिल्याच दिवशी शोभा झाली.

संध्याकाळी आईला फोन केला. नजर गेल्यापासून तिला मी फोनवर रोज दिसते, असं ती म्हणते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, टकळे, तुझ्या तोंडाला विसावा नाही आणि तू शांतता पकडायला गेलीस? वाद्याऐवजी तुझीच टकळी भरून येईल त्या यंत्रात. मागून धाकटी बहीण म्हणाली, आई, तिला नोकरी टिकवू दे.

५ नोव्हेंबर

काम समजलं. खालच्या मोठ्या खोलीत हार्प्सिकॉर्ड आहे, फिकट हिरवा, झाकणाच्या आत फुलं रंगवलेली. पियानोत हातोडी तारेवर पडते. इथे पिसाचं टोक तार छेडतं, म्हणून सूर तुटक आणि स्वच्छ येतो. युरोपातलं जुनं बरोक संगीत यावरच वाजायचं. आम्ही एकेक पट्टी वाजवायची, सूर पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग पुढची. तीच पट्टी पुन्हा पुन्हा घ्यायची, कारण संगणकाने एकच सूर तसाच दोनदा वाजवला तर कान लगेच ओळखतो. पट्टी सोडतानाचा आवाजही वेगळा घ्यायचा. पीस खाली येताना तारेला पुसटसं लागतं. बाई म्हणतात, धरलेला सूर कुणीही घेईल, सोडलेला घेता आला पाहिजे.

हे सगळे तुकडे जोडले की जगात कुणालाही आपल्या साध्या कीबोर्डवर हे वाद्य वाजवता येतं. मला काम आवडलं.

६ नोव्हेंबर

आज खोली घेतली. यंत्र चालू करून बाहेर जायचं, दार लावायचं, थोड्या वेळाने परत यायचं. पण दार फुगलं आहे. ओढलं की वाद्याच्या सगळ्या तारा शहारतात आणि बराच वेळ गुणगुणत राहतात. बाई गावात गेल्या होत्या. मी विचार केला, दारापेक्षा मीच शांत. खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मधेच माळी खिडकीशी आला. आल्यापासून त्याला बागेतच पाहते आहे, बोलत नाही. काचेपलीकडून दोन्ही हातांनी मला बाहेर बोलावत होता, तोंड हलत होतं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हसले. तो काचेला हात टेकवून उभा राहिला. मग गेला.

शांतता छान आली.

९ नोव्हेंबर

बाई खूश आहेत. घेतलेली शांतता त्या यंत्राला ऐकवतात आणि सांगतात की हा केर आहे, जिथे सापडेल तिथून काढ. मग सुरामागची घरघर, वायरची गुणगुण, सगळं जातं. सूर काळ्या पाण्यावर ठेवल्यासारखा उभा राहतो. अशी स्वच्छ खोली फार दिवसांनी मिळाली, म्हणाल्या.

आईशी बोलत होते तेव्हा त्या जवळच होत्या. फोनचा स्पीकर चालू होता. आई म्हणाली, आवाज बारीक येतोय ग तुझा, जेवतेस ना? मी म्हटलं, डोंगराळ भाग, रेंज नाही. फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, आईंचा आवाज सुंदर खरखरीत आहे, जुन्या लाकडासारखा. मी आईला उद्या सांगेन. तिला लाकूड म्हटलेलं आवडणार नाही.

१२ नोव्हेंबर

खालची खुर्ची मी बसले की कुरकुरायची. आता कुरकुरत नाही. जिन्याची तिसरी पायरीही नाही. वाटलं, कानात दडे बसले. पण बाई बसल्या तेव्हा खुर्ची वाजली.

उतारावरच्या दुकानात साबण मागितला. दुकानदार समोरच होता, वर्तमानपत्र वाचत राहिला. पुन्हा मागितला. शेवटी काउंटरवर हात आपटला, त्याचाही आवाज झाला नाही. तो दचकला ते माझी सावली कागदावर पडली म्हणून. म्हणाला, मांजरीच्या पावलांनी आलात की हो. बोटाने साबण दाखवला आणि घेऊन आले.

आई म्हणाली, हॅलो. हॅलो. टकळे, आहेस ना? मी ओरडून बोलले. घसा दुखला. ती धाकटीला म्हणाली, लागतोय पण बोलत नाहीये कुणी.

१५ नोव्हेंबर

यंत्रात एक बटण आहे. ते दाबलं की उरलेलं नाही, फेकलेलं ऐकू येतं. नेहमी त्यात नुसती खरखर असते. जास्तीचं काही गेलं का हे तपासायला ऐकतात. आज बाई नसताना दाबलं.

आधी श्वास. माझा. मला तो ओळखता येईल असं कधी वाटलं नव्हतं. मग खुर्चीची कुरकुर. मग जिना. मग मी आईला सांगत होते, डोंगराळ भाग, रेंज नाही. ते वाक्य मी रेकॉर्डिंग झाल्यानंतर बोलले होते. नंतर दुकान, साबण द्या, साबण द्या, काउंटरवरचा हात.

त्याच्या खाली, खोल, एक पुरुष खोकला. म्हणाला, बाहेर या. ताई, बाहेर या, आत बसू नका.

बागेत धावले. माळी कुंपण छाटत होता. मी हातभर अंतरावर उभी राहिले. कात्रीची पाती मिटत होती, उघडत होती, फांद्या पडत होत्या. काही ऐकू येत नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की मधे काच आहे.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

१६ नोव्हेंबर

बाईंना कागदावर लिहून विचारलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. डॉक्टर सांगतात तसं सांगितलं, राग नाही, घाई नाही. म्हणाल्या, खोली घेताना तू आत होतीस. बागेतला तोही होता, तुझ्या आधीचा. मी कुणाला बस म्हणत नाही. दार फुगलेलं आहे, माणसं आपणहून बसतात.

मी लिहिलं, परत द्या.

त्या म्हणाल्या, यंत्राचे सूर स्वच्छ असतात पण मेलेले असतात. लोकांना वाजवणारा हवा असतो, सुरांच्या मधे कुणी श्वास घेतल्याचं हवं असतं. तो श्वास आणायचा कुठून? मग आपल्या कीबोर्डवर बसून त्यांनी एक संथ तुकडा वाजवला. प्रत्येक विरामात मी श्वास घेत होते. शेवटी बरोबर एक पट्टी सोडली आणि मी हसले. माझं हसू. आई ज्याला खिदळणं म्हणते ते.

बाई म्हणाल्या, बाईचा आवाज झाला, पुरुषाचा झाला. म्हातारा आवाज अजून नाही.

१७ नोव्हेंबर

धाकटीचा मेसेज. आई किती खूश आहे. आता रोज दुपारी एवढा वेळ बोलतेस, आधी कंजूषपणा करत होतीस. माझा तर तिला विसर पडलाय.

मी फोन केलेला नाही. बाराव्या तारखेनंतर केलेला नाही.

लिहिलं, ती मी नाही. आईच्या हातातला फोन काढून घे. आत्ता.

उत्तर आलं, कोण बोलतंय? हा माझ्या बहिणीचा फोन आहे. ती आत्ता घरच्या फोनवर आईशी बोलतेय, मी स्वतः ऐकतेय. ती म्हणते, तिचा मोबाइल हरवलाय. लाज वाटत नाही?

पुन्हा लिहिलं. लहानपणचं लिहिलं, फक्त आम्हा दोघींना ठाऊक असलेलं. गेलं नाही. तिने माझा नंबर ब्लॉक केला असावा.

बॅग घेतली नाही. खाली मोठ्या खोलीतून जाताना पाहिलं, बाईंचा वायरचा फोन वाद्याच्या झाकणावर उलटा ठेवलेला, रिसीव्हर तारांकडे. बाई कीबोर्डवर बसलेल्या. वर पाहिलं नाही त्यांनी. एकच बोट खाली, एकच बोट वर.

रिसीव्हरमधून आई हसली.

मी वायर ओढली. भिंतीतून निघून आली. आई हसतच होती.

माळ्याने फाटक उघडून धरलं. स्वतः बाहेर आला नाही. हात जोडले, की मला ढकलत होता —

१८ नोव्हेंबर

बस. कंडक्टर दोनदा माझ्या अंगावरून गेला. पैसे पुढे केले तेव्हा दिसले त्याला. पैसे, मी नव्हे.

झोप नाही. खिडकीवर डोकं आपटत होतं. आवाज नाही.

आईकडे चावी आहे माझी — म्हणजे माझ्याकडे आईच्या घराची. धाकटी या वेळी ऑफिसात. आई एकटी.

घर. दुपार.

आई खुर्चीत. फोन कानाला, दोन्ही हातांनी धरलेला. ऐन उन्हात बसली आहे. गाल लाल झालेत आनंदाने.

आई म्हटलं. आई. आई.

तिच्या गुडघ्याला हात लावला. ती आक्रसली. फोनमध्ये म्हणाली, टकळे, इथं कुणीतरी आहे ग. थंड हात आहे. फोन ठेवू नकोस हं.

तिचा तळहात उलटा करून बोटाने लिहिलं, मी. तिनेच असं अक्षर शिकवलं होतं मला, माझ्या हातावर. ओळखेल. मी. टकळी.

तिने हात ओढून घेतला. म्हणाली, टकळी माझी फोनवर आहे. तुम्ही कोण?

फोन हिसकावायला गेले. आला नाही. एवढी ताकद हिच्यात कुठून — छातीशी धरून बसली आहे, ओरडते आहे, शेजाऱ्यांना हाका मारते आहे. तिला घाबरवते आहे मी. माझ्या आईला मी —

फोनमधून माझा आवाज तिला समजावतोय. किती गोड बोलते मी. आई, घाबरू नकोस. आई, मी आहे ना.

वही कपाटावर टेकवून हे लिहिते आहे, उभ्यानेच. धाकटी येईल. तिला डोळे आहेत, ती वाचेल. धाकटे, ही मीच आहे. अक्षर बघ. वळण बघ. फोन —

ओरडणं थांबलं.

आई म्हणते, हो. बरं. नाही हलत.

आई म्हणते, किती वेळ ग?

मला म्हणते, शू. कोण असाल ते असा, गप्प राहा. तिला खोली घ्यायची आहे.

पाठ ताठ केली. हात मांडीवर. श्वास रोखला तिने. नको. आई, श्वास नको, आवाज कर, काहीही, खोक, टकळे म्हण, मी पेन टाकून तिच्या