हानेकेच्या बुटांच्या नाड्या

सोमवार, १७ फेब्रुवारी २०१४

हाताला अजून गाईचा वास आहे. दोनदा साबण लावला तरी!

पंधरा दिवस झाले. नेदरलँड्सच्या ड्रेंथे प्रांतातलं हे गाव म्हणजे सपाट शेतं नि वारा. गावाच्या टोकाला आमची वस्ती – सहा घरं, गोठा, भाज्यांचे वाफे. ज्यांची समज वयाबरोबर वाढली नाही अशी माणसं इथं राहतात, आणि आम्ही स्वयंसेवक त्यांच्यासोबत. आमच्या घराचा प्रमुख विम. साठीचा माणूस, पण नुसतं ‘विम’ म्हणायचं. मी ‘विमकाका’ म्हटलं तर खो खो हसला.

दुसरी स्वयंसेवक हिमानी. मराठी घरातली, पण इथंच अ‍ॅमस्टेलव्हीनला वाढलेली. मी मराठीत बोलते, ती अर्धं इंग्रजीत उत्तर देते.

माझ्याकडे हानेके सोपवली आहे. वय चव्वेचाळीस. आज तिनं माझा हात धरून खोलीत नेलं, भिंतीवरचा फोटो दाखवला. आसेन शहरातली एक इमारत, तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी पेनानं गोल केलेली. “माझं घर,” म्हणाली. विमनं नंतर सांगितलं – अजून तिचं नाही. जूनमध्ये नगरपालिकेची बाई येऊन बघणार. स्वतःचं स्वतः करता आलं तर घर मिळेल. सहा वर्षं वाट बघतेय.

मिळालंच पाहिजे. माझ्याकडून काही कमी पडू देणार नाही!

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी हानेकेला बुटांच्या नाड्या बांधायला अकरा मिनिटं लागतात. अकरा! मी आज खाली बसले नि पटकन बांधून दिल्या. तिनं माझ्या डोक्यावर थोपटलं.

रविवार, २३ मार्च

स्काइपवर आई. “एवढी बीएसडब्ल्यू झालीस, ती लोकांच्या पायात बूट घालायला? अख्ख्या खानदानात पहिली ग्रॅज्युएट!” बाबा मागून म्हणाले, “अगं, पुण्याचं काम आहे ते.” सोलापुरात रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. त्या दोघांना सगळं नीट सांगता येत नाही मला. इथं मला पहिल्यांदाच वाटतंय की शिकलेलं कुणाच्या उपयोगी पडतंय.

हानेकेच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. आता ती रोज सकाळी फणी घेऊन ‘सुमी, सुमी’ करत माझ्याच दारात. तिचा ब्रेड मी कापते, वर चॉकलेटचे दाणे पसरते. जाकिटाची चेन लावते. हिमानी टोमणे मारते – “तिला हात आहेत गं! यू नो दॅट, राइट?” मी म्हटलं, माया कळत नाही तुम्हाला इथं वाढलेल्यांना. ती उठून गेली. वाईट बोलले का?

मंगळवार, १५ एप्रिल

आज सगळं कळलं आणि जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

बसचा सराव होता. हानेके एकटी आसेनला जाऊन येणार. डिसेंबरात तिनं हे चारदा केलंय, असं फाइलमध्ये आहे. आज दारातच बसून राहिली. पाय पुढे. नाड्यांकडे बघतेय, मग माझ्याकडे. विमनं मला बांधू दिल्या नाहीत. बस गेली. पुढचीही गेली.

मग विम स्वयंपाकघरात आला. आवाज न चढवता – इथली माणसं तोंडावर बोलतात – म्हणाला, “सुमेधा, तू आलीस तेव्हा तिला नाड्या येत होत्या. बटाटे सोलता येत होते. आता येत नाहीत. तू मदत करत नाहीस, तू तिचं काम काढून घेतेस.”

मी मोठ्यानं रडले. आमच्याकडे पाहुण्याला ताटावरून उठू देत नाहीत, आजाऱ्याला पाणी हातात देतात. यालाच तर चांगुलपणा म्हणतात! हे त्याला कोणत्या भाषेत सांगू?

आणि सांगून तरी काय. नाड्या येत नाहीत तिला. सहा वर्षं वाट बघतेय.

बुधवार, १६ एप्रिल

हात पाठीमागे बांधून उभी राहिले. हानेके ओरडली. बूट फेकून मारला, खांद्याला लागला. बरोबरच आहे.

शनिवार, १० मे

काल चेन. आज एक नाडी, सैल का होईना! मी जमिनीवर तिच्या शेजारी बसते, माझेच बूट सोडते नि बांधते. ती माझ्याकडे बघून करते. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. माझे तळहात अक्षरशः खाजतात. हिमानी बटाट्यांची टोपली घेऊन आली, म्हणाली, “सॉरी हं, पण यू आर गेटिंग बेटर. तू, हानेके नाही.” दोघी हसलो. मीही माफी मागितली, मायेवरून बोलले होते त्याची.

गुरुवार, १२ जून

झालं! झालं! झालं!

नगरपालिकेची बाई साडेतीन तास होती. हानेकेनं नाड्या बांधल्या (सात मिनिटं), बटाटे सोलून उकडले, गॅस आठवणीनं बंद केला. एकटी बसनं आसेनला जाऊन आली! मी थांब्यावर उभी. उतरली तेव्हा ड्रायव्हरला टाटा करत होती. शेवटी बाई नि ती, दोघींनीच खोलीत बसून अर्ज भरला. मी बाहेर विमच्या गळ्यातच पडले. आईला फोन केला, तीही रडली – कशासाठी हे न कळताच.

शुक्रवार, १३ जून

विमनं सकाळी अर्ज दाखवला. सगळीकडे ‘जमतं’. शेवटचा प्रश्न – तुला तिथं राहायला जायचं आहे का? हानेकेनं सांगितलं, नाही. सुमी इथं आहे. मी सुमीजवळ राहणार.

घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल.

माझी मुदत सहा महिन्यांची. परतीचं तिकीट दोन ऑगस्टचं. हे हानेकेला कुणी सांगितलेलंच नाही. मीही नाही.