अर्ध्या गुणाची वजावट

तीर्थस्वरूप अप्पांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगांनी घातला आहे. उरलेल्या दोन अंगांचा प्रत्यक्ष भेटीत घालीन.)

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे आईंकडून फोनवर कळलं आणि जिवाला बरं वाटलं. डोळ्याला पाणी लागू देऊ नका, वाकू नका, आणि पट्टी निघेपर्यंत वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे ते पाळा. आईंचा चष्माही नव्या काचा बसवायला दिला आहे असं त्या म्हणाल्या. म्हणजे सध्या तुम्हा दोघांचेही डोळे रजेवर आहेत, तेव्हा जिन्याची खालची पायरी जपून उतरा, ती फसवी आहे. खरं तर हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण मी फोन केला की तुमची कन्या अंघोळीला गेलेली असते. सकाळी केला तरी अंघोळ, दुपारी केला तरी अंघोळ. आमच्या घरी इतकी स्वच्छता नव्हती. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं, पत्र काही अंघोळीमुळे परत जात नाही.

ती तुमच्या डोळ्यांत औषध घालायला आली आहे. निदान मला तसं सांगून निघाली. तुम्हाला तिने काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण दुकानदाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय तुम्ही कधी कोणाचा तराजू जप्त केला नाहीत अशी तुमची ख्याती आहे. (सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात घालवलेला सासरा मिळणं हे भाग्यच. पहिल्या भेटीत तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते, वजनाला खालून भोक पाडलंय का ते पाहावं तसं. मी चहा सांडला तो त्यामुळे.) तेव्हा आता माझंही म्हणणं ऐका.

माझ्या नोकरीचं स्वरूप मी तुम्हाला अनेकदा समजावलं आहे आणि दर वेळी तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून रेडिओ लावला आहे. आता डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे रेडिओचं बटण लवकर सापडणार नाही, म्हणून पुन्हा सांगतो. किलोचं वजन किलोचंच आहे ना हे तुम्ही पाहायचात. आम्ही बुद्धी, चिकाटी, स्वभाव असल्या गोष्टींची मापं तयार करतो. फरक एवढाच की तुमच्या कपाटात मखमलीवर ठेवलेलं एक अस्सल वजन असायचं. त्याच्याशी ताडून पाहिलं की झालं. चिकाटीचं अस्सल वजन कुठल्या कपाटात ठेवणार? म्हणून आम्ही आधी ढीगभर विधानं लिहितो आणि ती लोकांना देतो. ज्याला झाडून सगळे ‘होय’ म्हणतात ते विधान फेकून देतो. (कोणालाही उभं केलं तरी तेच वजन दाखवणारा काटा तुम्हीही फेकलाच असता.) उरलेली काही दिवसांनी त्याच लोकांना पुन्हा देतो. उत्तरं तीच आली तर चाचणी विश्वासाची. पण विश्वासाची म्हणजे खरी नव्हे! एखादा काटा रोज न चुकता तेवढंच खोटं दाखवू शकतो. जे मोजतो असं आपण म्हणतो तेच तो मोजतोय का, हे पाहायला बाहेरचा पुरावा लागतो. आमच्या धंद्यातली खरी मारामारी तिथे असते, आणि माझ्या घरातली तिथूनच सुरू झाली.

झालं असं, की आमच्याकडे हवामान खात्याचं काम आलं. दूर डोंगरावरच्या ठाण्यांवर ते माणसं जोडीजोडीने पाठवतात. दोघांनीच राहायचं, तिसरं माणूस महिनोन्महिने दिसत नाही. मागची जोडी दार कोणी उघडं टाकलं यावरून इतकी भांडली, की एकाने पावसाची नोंद घेणं बंद केलं आणि दुसऱ्याने वाऱ्याची, आणि त्या भागातलं हवामान बराच काळ कोणालाच कळलं नाही. तेव्हा दुसऱ्या माणसाबरोबर नांदायची ताकद कोणात किती, ते मोजणारी चाचणी त्यांना हवी होती. तिचं नाव आम्ही ‘सहवासक्षमता चाचणी’ ठेवलं. त्यातली बहुतेक विधानं माझी आहेत. सांगायला संकोच वाटतो, पण आम्ही ती आधी स्वतःवरच करून पाहिली तेव्हा सगळ्या कचेरीत माझी सहवासक्षमता पहिली आली. (हे वाक्य मी आत्ता रिकाम्या घरात बसून लिहितो आहे.)

आता बाहेरचा पुरावा कुठून आणायचा? आमच्या मोठ्या बाई, म्हणजे कचेरीच्या प्रमुख, म्हणाल्या की ज्याच्याबरोबर राहतो त्यालाच विचारा. सगळ्यांनी आपापला नवरा किंवा बायको घेऊन यायचं, वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं आणि एकमेकांबद्दल विधानं वाचून एक ते पाच गुण द्यायचे. यात एक खोडा असतो. आवडतं माणूस असलं की आपण त्याला सगळ्यातच सढळ हाताने गुण देतो. सुंदर अक्षराच्या मुलाला गणितातही दोन गुण जास्त पडतात, तसंच. यापासून सावध कसं राहायचं हे कचेरीत मीच सगळ्यांना शिकवतो. त्यामुळे कागद हातात आल्यावर मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, ही बाई तुला आवडते का? उत्तर आलं, फार. मग तेवढी वजावट करणं भागच होतं. पुरा एक गुण कापायला हात धजेना, म्हणून प्रत्येक उत्तरातून अर्धा कापला. ‘अडचणीत हिच्यावर विसंबता येतं’ याला साडेचार. ‘ही खोलीत आली की बरं वाटतं’ यालाही साडेचार. तेल जोखताना तुम्ही आधी डब्याचं वजन वजा करायला लावायचात, तसं मी प्रेमाचं वजन वजा केलं. त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की तुम्हाला फोन करून सांगणार होतो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा झाला.

मग निष्कर्ष ऐकायला सगळ्या जोड्यांना चहाला बोलावलं. नावं अर्थात कोणाचीच नव्हती. भिंतीवर एकेक जोडीचा आलेख यायचा आणि मोठ्या बाई त्यावर बोलायच्या. एका जोडीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, हे पतीराज पाहा, भावनेच्या भरात एकही उत्तर नाही, चक्क अर्ध्या-अर्ध्या गुणांनी तोलून लिहिलंय, पारख करावी तर अशी. टाळ्या पडल्या. अप्पा, शहाणा माणूस गप्प बसला असता. मी शेजारी वाकून तुमच्या कन्येच्या कानात म्हणालो, ‘ती आपलीच जोडी.’ हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तिने भिंतीवरची दोन्ही रेघांची चित्रं नीट पाहून घेतली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिला लांबचं चांगलं दिसतं.

तेवढ्यावर निभावलं असतं कदाचित. पण त्या चाचणीत मी काही सापळे पेरले होते. उदाहरणार्थ, ‘या व्यक्तीने आयुष्यात कधीही आवाज चढवलेला नाही.’ असं माणूस जगात नसतं, त्यामुळे याला जो पाच गुण देतो तो उत्तरांना मुलामा देतोय असं आम्ही धरतो. मोठ्या बाई पुढे म्हणाल्या की या जोडीतल्या पत्नीची उत्तरपत्रिका मात्र बाद करावी लागली, कारण तिने असल्या प्रत्येक विधानाला पाचपैकी पाच दिले आहेत. हा नवरा तिच्या मते कधी चिडत नाही, कधी विसरत नाही, कधी चुकत नाही. सगळं सभागृह हसलं. आणि अप्पा, मीही हसलो. माझंच विधान होतं ना, नेमकं लागलं याचा आनंद झाला. तिने ती उत्तरं लिहिली त्याच सकाळी छत्री सापडत नाही म्हणून मी असा ओरडलो होतो की समोरच्यांनी खिडकी लावून घेतली, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. तिच्या नक्की असणार.

घरी येताना ती दुकानांच्या पाट्या वाचत चालली होती. कोपऱ्यावर मी तिला आमच्या चाचणीत भावना का वजा करावी लागते ते समजावून सांगू लागलो (हो, तरीही), तेव्हा ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, ‘परक्या लोकांनी विचारलं म्हणून मी तुझी बाजू घेतली. आणि तू माझं माप घेतलंस.’ दुसऱ्या दिवशी अप्पांच्या डोळ्यांत औषध घालायला जायचंय म्हणाली. तुमचं ऑपरेशन तेव्हा चार दिवसांवर होतं.

त्या वाक्याने माझं जे झालं ते मी तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो. जो काटा आम्ही मोडका म्हणून बाजूला ठेवला, तो मोडका नव्हताच. ते विधान खोटा मुलामा पकडायला ठेवलं होतं, आणि तिच्या हातात पडल्यावर ते तिची माया मोजत होतं, अगदी बिनचूक. आम्ही आकडा वाचला आणि काय मोजलंय ते वाचलंच नाही. हे मी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या की मुद्दा मोलाचा आहे, यावर स्वतंत्र चाचणी करू. आमचे आकडेमोड पाहणारे सहकारी (त्यांना सगळे ‘सरासरी’ म्हणतात, कारण तब्येत विचारली तरी सरासरीत सांगतात) मला जिन्यात गाठून म्हणाले, चाचणीत पहिला आलेल्या माणसाची बायको निघून गेली तर चाचणीचं खरेपण पार कोसळतं, तेव्हा वहिनींना लवकर आणा. बोलायची पद्धत त्यांची तशी, पण संध्याकाळी मला जबरदस्तीने स्वतःच्या घरी जेवायला घेऊन गेले. माणूस सरासरीहून बरा आहे.

इथे बाकी ठीक. फक्त घरात मला कोणी काही विचारत नाही. तुम्हाला तिची सवय माहीत आहे, दुकानात दिवसभर भिंगं बदलत ‘हे स्पष्ट की हे?’ विचारून तिला घरीही तेच विचारायची खोड लागली. हा पडदा बरा की हा? हा शर्ट की तो? मी नेहमी वैतागायचो, म्हणायचो दोनच पर्याय देणं शास्त्रशुद्ध नाही, निदान पाच हवेत. काल कपाटासमोर दोन शर्ट हातात घेऊन उभा राहिलो आणि ‘हा की हा?’ असं स्वतःलाच मोठ्याने विचारलं. उत्तर येईना. कचेरीला उशीर झाला.

आईंना नमस्कार. लोभ आहेच, तो काहीही वजा न करता तसाच असू द्यावा.

आपला,
जावई

ता. क. पत्र लिहिण्याचं मुख्य कारण राहूनच गेलं. माझी काळी छत्री चुकून तुमच्या कन्येच्या सामानात आली आहे का, तेवढं पाहायला सांगा. घाई नाही, पण ती स्वतः घेऊन आली तर बरं, छत्री टपालाने नीट येत नाही.

ता. क. २. छत्री सापडली. कचेरीतच माझ्या खुर्चीमागे लटकत होती, ओरडलो त्याच्या आदल्या दिवसापासून. पण वरचा ता. क. खोडत नाही, कारण त्यातलं अर्धं अजून लागू आहे.

ता. क. ३. अप्पांच्या डोळ्यांवर पट्टी आहे आणि आईंचा चष्मा दुकानात आहे. म्हणजे हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने कोण वाचतंय, हे न कळण्याइतका मी काही कच्चा नाही. तर आता ऐक, आणि पुढचं मोठ्याने वाचू नकोस.

मी डब्याचं वजन समजून जे काढून टाकलं, ते तेलच होतं. तू गेल्यावर कळलं, कारण उरलाय तो नुसता डबा. त्या सकाळी छत्रीवरून ओरडलो, आणि तासाभराने परक्या खोलीत बसून तू लिहिलंस की मी कधी आवाज चढवतच नाही. माझ्याबद्दल कोणी इतकं सुंदर खोटं लिहिलेलं नाही, आणि मी त्याला हसलो. चुकलो गं. अप्पांची पट्टी निघेल त्या दिवशी मी तुला घ्यायला येऊ का? पाच पर्याय देत नाही, तुझ्याच पद्धतीने विचारतो: मी आलेला बरा, की न आलेला बरा? हे, की हे?

अप्पा विचारतील, मध्येच गप्प का झालीस. जावयाचं अक्षर लागत नाही म्हणून सांग. ते खोटं असलं तरी चालेल. तुझं असलं खोटं मी पुन्हा कधीच बाद करणार नाही.