शिंप्याच्या मापाची टाकी

३ जून
माझं टेबल गॅलरीत! क्लासहून आले तर खिडकीखाली, माझ्या जागेवर, काचेची रिकामी टाकी. खाऱ्या पाण्यातले मासे येणार म्हणे. आई म्हणते, "अगं, तुझ्यासाठीच आणलीय त्यांनी." मला कोणी विचारलं? तिने या शिंपीबुवाशी लग्न केलं, बाबा गेल्यापासून तसंच ठेवलेलं त्यांचं कपाट याच्या शर्टांनी भरलं, तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. मी त्याच्याशी बोलत नाही. एक शब्दही नाही. आणि बोलणार पण नाही.

४ जून
शिंपीबुवाने टाकीचं माप घेतलं. गळ्यातली टेप काढली आणि काचेच्या बाहेरून लावली – गिऱ्हाइकाच्या छातीला लावतो तशी! उंची तर पार वरच्या काठापर्यंत. गुणाकार करून आले पंचाहत्तर लिटर. वर म्हणतो, "ऐंशी धरू. माप थोडं सैलच असावं, तंग झालं की पंचाईत."

अरे, टाकी म्हणजे काय सदरा आहे? काचेची जाडी कुठे गेली? वर मोकळी ठेवायची जागा? तळाला वाळू टाकणार, दगड रचणार, त्यात पाणी मावणार कसं? पण साहेबांनी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि काचेवर लिहून टाकलं – ८०. आई कौतुकाने बघत होती. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

१० जून
वाळू, दगड रचून झाले; आज पाणी भरलं. बादलीत मीठ कालवायचं, खारेपणा तपासायचा, मग ओतायचं. बादली बारा लिटरची, तिच्यावर छापलंय तसं. चार बादल्यांत टाकी भरली. म्हणजे अठ्ठेचाळीस! स्वतः ओतल्या याने, तरी डोक्यात उजेड पडला नाही. मीठ टाकीच्या नाही, बादलीच्या मापाने घातलं म्हणून चूक लपली. आई म्हणाली, "टक लावून काय बघतेस?" म्हटलं, काही नाही.

१२ जुलै
मासे येऊन आठवडा झाला. एक मोठा, एक छोटा, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. मला अजिबात आवडत नाहीत. दप्तर टाकलं की आधी तिकडे जाते, पण ते वेगळं.

१५ जुलै
मोठ्याच्या अंगावर पांढरे ठिपके. दुकानदाराने औषध दिलं – लिटरला एक थेंब. जास्त झालं तर मासा दगावेल, असंही बजावलं म्हणे त्याने. आणि शिंपीबुवा खडूचा आकडा बघून ऐंशी थेंब घालायला बसला!

मी दारातच होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण याच्याशी पहिला शब्द बोलायचा आणि तोही याची चूक निस्तरायला? का म्हणून? मूग गिळून आत निघून गेले.

१६ जुलै
शाळेत दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी धावतच आले. टाकीत दोन मासे! "बघ, ठिपके गेले," शिंपीबुवा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

हा तो मासा नाही. तो चांगला बोटाएवढा होता, हा त्याच्या निम्मा. आपला जुना छोटा तर याला कोपऱ्यातून हलू देत नाही, सारखा अंगावर धावून जातोय.

आईला स्वयंपाकघरात गाठलं. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाली, "सकाळीच मेला गं. शिवणाचं दुकान बंद ठेवून हिंडले ते दिवसभर, तसाच मिळावा म्हणून. पाणी बदललं. तुला कळू द्यायचं नाही म्हणाले. पोरीचा जीव आहे माशांवर, म्हणाले."

कोणी सांगितलं होतं याला इतकं चांगलं वागायला? मला भयंकर राग आलाय. आणि या वेळी त्याचा नाही.

उद्या औषध परत घालायचंय, या नव्या माशालाही ठिपके येऊ नयेत म्हणून. काचेवर अजून ऐंशीच आहे.

१७ जुलै
त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं. मी म्हटलं, "थांबा. अठ्ठेचाळीस लिटरच आहे."

त्यांनी काचेवरचा आकडा पाहिला, झाकण परत लावलं. मग हळूच म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"पाणी भरलं तेव्हाच."

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.