हात वर करवून घेणारा

२ एप्रिल १९९१, पारोळा
अर्धांगवायूनंतर उजव्या हातानं ही पहिली नोंद. मुख्याध्यापक येऊन गेले. म्हणाले, "जूनला फळ्यावर लिहिता आलं तर वर्ग तुमचा. नाहीतर ग्रंथालय सांभाळा." डॉक्टर म्हणतात, आता औषध नाही, व्यायाम. रोज करवून घेणारा माणूस हवा. शोधणार. कपाटांना कुलपं लावत बसणार नाही मी. एवढं लिहायला पाऊण तास.

९ एप्रिल
एस.टी.नं जळगाव. नवी जिम, चहूकडे आरसे. तिथला गडी म्हणे, तीन महिन्यांत छाती बेचाळीस करतो. बाबा रे, मला खडू धरायचाय! हाताकडे बघितलंसुद्धा नाही. बाद.

१८ एप्रिल
नरेंद्र रोज घरी येतो. माझाच जुना विद्यार्थी, व्यायामशाळा चालवतो. आधी पाया पडतो. दहादा हात उचलायचा, तर सहाव्यालाच "बस सर, दमलात." मी दमलो नव्हतो. उरलेला वेळ शाळेच्या आठवणी. हात आहे तिथंच.

२४ एप्रिल
चूक माझीच. गावात ज्यानं त्यानं माझा मार खाल्लाय, मला हुकूम कोण सोडणार? ही म्हणाली, "श्रावण पैलवानाकडे जा. तो नाही तुमच्या पाया पडत." खरंय. सातवीत दोनदा नापास केलं त्याला. रस्त्यात दिसलो की मान फिरवतो. आता स्वतःची तालीम आहे त्याची. जाणार. लाज गेली खड्ड्यात.

२५ एप्रिल
गेलो. त्यानं हात घेतला, एकेक बोट वाकवून पाहिलं. "झोपताना कोठे दुखस?" हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "मास्तर, आठे मन्हं चाली. चालत व्हई ते या."
इथं त्याचंच चालणार. चालेल म्हटलं. 

५ मे
भिंतीवर ओला फडका, खालून वर, शंभर वेळा. साठाला थांबलो. तो मातीत पोरांना डाव दाखवत होता, तिकडूनच ओरडला, "चाळीस राह्यनात!" पोरांसमोर. असा संताप आला, घरी जेवलो नाही.
पण हात खांद्याच्या वर गेला.

८ जून
सोमवारी शाळा. फळ्याच्या खालच्या दोन ओळी जमतील, वरच्या नाहीत. न राहवून विचारलं, "श्रावण, होईल का रे?"
"माले काय माहीत? सकायले सहाले या."
दुसऱ्यांदा नापास केला तेव्हा भर वर्गात म्हणालो होतो, तुझ्याच्यानं काही होणार नाही. मला कुठून माहीत होतं?
त्याला हे सांगायला हवं. उद्या सहाला जातोच आहे.