इंग्रजीची तयारी

झाशी, ११ मार्च, संध्याकाळ

मिलिंदचा कॅनडाचा व्हिसा आला. सुनेचा आणि गुड्डीचाही. बडा बाजारातून पेढे आले. माझ्या तोंडात पेढा घालत सून म्हणाली, "आई, आप ही ने तो पास कराया!"

खरंच आहे ते. मिलिंदचा वेल्डिंगचा हात असा की बोट फिरवूनही जोड कळू नये. अडलं होतं ते फक्त इंग्रजी. दोन महिने मी कॉन्व्हेंटच्या शिस्तीत घोकून घेतलं. रोज संध्याकाळी मी परीक्षक व्हायचे, तो मला "मॅडम" म्हणायचा. एकदा विचारलं, तुमच्याबरोबर कोण कोण येणार? "बायको, मुलगी." मी टेबलावर पट्टी आपटली. पूर्ण वाक्यात सांग!

"मारू नका, मॅडम," म्हणून हसला, आणि मग सांगितलं. बायको आणि मुलगी माझ्याबरोबर येतील, आई झाशीतच राहील. आणि मी काय म्हणाले? शाब्बास. ते वाक्य चार वेळा म्हणून घेतलं. चार वेळा! तेव्हा मला ऐकू कसं आलं नाही?

आता म्हणतो, "आई, गुड्डीलाही शिकव ना, दीड महिना आहे." नातीला मराठीत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, त्याची कुणाला फिकीर नाही. रागाने नाहीच म्हणणार होते. पण हो म्हणाले. नाही म्हटलं असतं, तर एवढे दिवस तरी ती माझ्याजवळ कशाला बसली असती?