सातवी विहीर

आत्याबाई, आज पाटलांची सून चौदावं इंजेक्शन घेऊन अंबाजोगाईहून परत आली आणि घरी जायच्या आधी आपल्या दारात गाडी उभी करून तिने खणानारळाने माझी ओटी भरली. मी म्हटलं, बाई, हा मान माझ्या सासूचा आहे. पण तुम्ही असता तरी तुमची ओटी कुणी भरली नसती, विधवेची कोण भरतंय? म्हणून तुमच्या वाट्याचीही मीच घेतली, आणि घेताना मान ताठ होती, सांगून ठेवते. आपण सातवी विहीर बदलली त्या दिवसापासून गावात कुत्रं चावून एक माणूस मेलेला नाही. एकसुद्धा नाही! चावडीवर उभी राहून ओरडून सांगावं असं वाटतं.

निजामाच्या राज्यात धर्मापुरीपासून पार सिरसाळ्यापर्यंत कुणाला कुत्रं चावलं की माणसं तुमच्याकडे यायची. तुम्ही त्यांना अळणी उपाशी ठेवून सात शिवारांतल्या सात विहिरी दाखवायचात. प्रत्येक विहिरीत चिमूटभर ज्वारी टाकायची आणि वाकून पाण्यात बघायचं. तोल जाऊ नये म्हणून तुम्ही मागून कंबर धरायचात. पाण्यात आपलंच तोंड दिसलं तर माणूस वाचला, कुत्र्याचं दिसलं तर संपला. मग एकदा तालुक्याहून हुकूम आला. चावणारं कुत्रं मारायचं नाही, दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं. चावलेल्या माणसाची वर्दी पाटलाला द्यायची आणि त्याची चिठ्ठी घेऊन थेट मोमिनाबादचा दवाखाना गाठायचा. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे. दवंडी झाली, लोकांनी ऐकली, आणि कुत्रं चावलं की ते लपवायला लागले. पोटात सुया टोचतात ही बातमी दवंडीच्या आधीच पोचली होती ना! तुमच्या दारातली गर्दी उलट वाढली, आणि पाटील तुमच्यावर दात खाऊन होता.

मग आपल्याच खळ्यावरचं तांबडं कुत्रं मला चावलं. तुम्ही भाकरी चारून वाढवलेलं. मी भाकरी टाकायला वाकले आणि त्याने पोटरीचा लचकाच तोडला. जाऊबाईंनी जखमेत तिखट भरलं, मी बोंब ठोकली, गाव अंगणात गोळा झालं. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी सुनेला विहिरी दाखवायला निघणार. तुम्ही मात्र कुत्र्याला साखळीने बाभळीला बांधलंत आणि पाटलासमोर जाऊन उभ्या राहिलात. "माझ्या कुत्र्यानं माझ्या सुनंला चावलंय. चिठ्ठी लिवा." पाटलाने दौत पुढे ओढली आणि चिठ्ठी लिहिली.

गाडी गावाबाहेर पडते. महादेवाची बारव येते, तुमची नेहमीची पहिली विहीर. धाकटे दीर बैल थांबवतात.

"कावून थांबलास?"

"आई, पैली ईहीर..."

"हाक म्हनलं न्हवं!"

दुसरी गेली, तिसरी गेली. एकाही विहिरीवर तुम्ही मला उतरवलं नाही. मी पदर तोंडात धरून गप्प बसून होते.

डॉक्टरांनी आधी जखमेतलं तिखट धुऊन काढलं. म्हणाले, "अम्मा, फौरन लाये, अच्छा किया." मग चौदा दिवस रोज पोटात सुई. तुम्ही आवारात तीन दगडांची चूल मांडलीत. चौथ्या दिवशी दीर निरोप घेऊन आले, कुत्रं लाळ गाळत, साखळी चावत मेलं. तुम्ही भाकरी थापत होतात, हात थांबला नाही. दीर गेल्यावर म्हणालात, "आपल्या गावच्या त्या सुताराला म्या साती ईहिरी दावल्या व्हत्या गं. साती ठिकानी त्येचंच तोंड दिसलं. म्या म्हनले, जा, तुला काई न्हाई होत. लई आनंदानं गेला बापडा. सव्वा महिन्यानं पान्याचा तांब्या बघून किंचाळत मेला. लोक म्हनले, मधीच मीठ खाल्लं आसंल. म्याबी तेच म्हनले." भाकरी तव्यावर करपली. तुम्हाला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेराव्या दिवशी आवारातल्या विहिरीवर पाणी शेंदता शेंदता तुम्ही एकदम थांबलात. "पोरी, हीबी ईहीरच हाय की!"

महिनाभरात सिरसाळ्याचा एक व्यापारी आला, हाताला चावा, सुयांच्या नावाने थरथर कापणारा. तुम्ही त्याला अळणी उपाशी ठेवलंत, गाडीत बसवलंत, वाटेवरच्या सहा विहिरी दाखवल्यात. सातवी दवाखान्याच्या आवारातली. तो वाकून बघून हसत वळला, तर मागे कंपाउंडर उभा.

"सातव्या ईहिरीचा परसाद घ्यावा लागतो," तुम्ही म्हणालात. "चौदा दिस. पोटात."

"आन न्हाई घेतला तर?"

"मंग साती ईहिरी वाया."

त्याने निमूटपणे घेतला आणि चांगला ठणठणीत होऊन दुकानात बसला! मग लोक रीतसर येत राहिले. सरकारच्या दवंडीला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत. पाटील म्हणाला, काकू, ही लबाडी झाली. "लबाडी तर लबाडी. मानूस जित्ता हाय न्हवं?" तोच पाटील पुढे कोऱ्या चिठ्ठ्यांवर सही करून तुमच्याकडे आणून ठेवायचा. तुमच्या माघारी तीस वर्षं मी माणसं नेते आहे. आता कुणी विहिरीचं नावही काढत नाही, चावलं की सरळ दवाखाना गाठतात. याहून मोठी जीत कुठली असते, आत्याबाई?

हे नातीच्या वहीचं पान आहे. तुम्हाला अक्षरओळख नव्हती आणि दुसऱ्या कुणाला मी हे वाचू देणार नाही, म्हणून लिहायला धीर होतो आहे. त्या दिवशी गाडीत मी गप्प होते, ते काही शहाणपणाने नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, घरात माझ्यावर सवत आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. एकेक विहीर मागे पडत गेली तशी माझी खात्री पटत गेली की तुम्ही मला मरायलाच नेताय. प्रत्येक विहिरीवर मी तुम्हाला शाप दिला, म्हातारीचं वाटोळं होऊ दे म्हणून. पुढे चार लेकरं झाली, तुमच्याच मांडीवर वाढली. रोज सकाळी तुमच्या पाया पडताना वाटायचं, आज सांगावं. तुम्ही हसला असता, मला ठाऊक आहे. तरी माझी जीभ रेटली नाही.