कोणासाठी पळतेस?

४ फेब्रुवारी
एका संस्थेच्या मदतनिधी-दौडीसाठी पळायला सुरुवात केली. पुलापर्यंतच धाप लागली. ऑफिसातल्या कॅशियरबाई म्हणाल्या, "चाळिशी उलटल्यावर हे कुठलं खूळ?" पण पहिली देणगी त्यांचीच. "कोणासाठी गं?" "निर्वासितांसाठी." "युद्धातून आलेले ना?" मी 'हं' म्हटलं.

युद्धातून नाही. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला जीव लावला म्हणून त्यांच्या देशात तुरुंगात घालतात. तिथून निसटलेली माणसं आहेत ही. हे सांगितलं असतं तर बाईंनी पैसे दिले नसते? दिलेही असते. मी त्यांना तशी संधीच दिली नाही.

९ फेब्रुवारी
बाबांनाही अर्धंच सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "गुडघे सांभाळ."

१५ फेब्रुवारी
संस्थेचा टी-शर्ट आला. पाठीवर ठळक अक्षरांत — 'प्रेम केलं म्हणून घर सुटलेल्यांसाठी'. घरातून निघताना वर जाकीट घालते, पुलापलीकडे काढते. वाळत घालते तोही उलटा करून. त्याने रंग टिकतो, हे खरं आहे. माझं कारण ते नाही.

२० फेब्रुवारी
धाकट्या भावाचा फोन. हात कणकेत, म्हणून स्पीकरवर घेतला; बाबा बाहेर पेपरात होते. "ताई, मी पण पळतो तुझ्याबरोबर. आमचे दंतवैद्य पळणार नाहीत, ते टाळ्या वाजवतील." मग, "आणि नंतर घरी — चहाला?"

दंतवैद्याबरोबर राहणार आहे, असं त्याने घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "हा विषय या घरात नको." विषय गेला. त्याच्याबरोबर धाकटाही गेला, त्याला आता सात वर्षं होतील.

"बघते," म्हटलं.

२४ फेब्रुवारी
निवृत्त झाल्यापासून घरभराची इस्त्री बाबांकडे आहे. आज टी-शर्टही घडी होऊन आला. इस्त्री करताना चष्मा लावत नाहीत, वाचलं नसणार.

जेवताना अचानक म्हणाले, "रविवारी दौड संपते तिथे मी येऊन उभा राहीन." माझ्या कशालाच कधी आलेले नाहीत! "ऊन लागेल, बाबा." "लागू दे."

२५ फेब्रुवारी
धाकट्याला कळवलं. बाबा तिथे असतील, या वेळी नको येऊस. 'लोकांसमोर तमाशा नको' हे शब्द माझेच. तो हसला. "म्हणजे घर सुटलेल्यांसाठी तू पळणार, आणि मी यायचं नाही?" मी म्हटलं, पुढच्या वेळी. "बरं ताई. गुडघे सांभाळ."

कोणाला जपलं? बाबांना म्हणावं, तर ते आपणहून येतायत. त्याला म्हणावं, तर त्यालाच यायचं होतं. मला रविवार शांतपणे पार पडायला हवा होता, एवढंच दिसतं.

२८ फेब्रुवारी
कॅशियरबाईंना खरं सांगून टाकलं. "माहितीये की. संस्थेच्या पावतीवरच लिहिलंय."
"मग बोलला नाहीत?"
"म्हटलं, तू सांगशील."

२ मार्च, रविवार
पळून झालं. शेवटच्या वळणावर पोटरीत गोळा आला, उरलेलं चालत गेले. बाबा दोरीला टेकून उभे होते, हातात पाण्याच्या दोन बाटल्या. एक मला दिली. मग माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत राहिले — सगळे येऊन गेले, माणसं दोरी सोडायला लागली, तरी. शेवटी म्हणाले, "धाकटा फारच मागे राहिला का गं?"